अष्टमीचं दर्शन

"बसून खायला मिळालं, की धडधडतंच छातीत!" थोरल्या जाऊबाईंनी निदान केलं. भावजींनी शिक्का मारला, "सगळे मनाचे खेळ." केतकीला तीन वर्षं अधूनमधून पॅनिक अटॅक येत होते आणि घरात प्रत्येकाला त्यातलं डॉक्टरांपेक्षा जास्त कळत होतं.

अष्टमीला ऐन आरतीत तो आलाच. छातीत घण पडू लागले, अंग थरथरलं, घामाने कुंकू ओघळलं. धुपाच्या धुरात आणि झांजांच्या गजरात तिला श्वास पुरेना.

"अगं बाई, हिच्या अंगात आलं!" सासूबाई ओरडल्या. जाऊबाईंनी घाईघाईने तिची ओटी भरली. भावजींनी तर सरळ लोटांगण घातलं.

"लांब व्हा! झांजा बंद! खिडक्या उघडा!" केतकी किंचाळली. इतकी वर्षं ती हेच विनवत होती. आज तिसऱ्या सेकंदाला खिडक्या उघडल्या.

डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे ती दहापासून उलटे आकडे मोजू लागली, आणि अख्खं घर हात जोडून तिच्यामागे मोजू लागलं.

श्वास जागेवर आला.

"आई, पुन्हा कधी येशील?" भावजींनी जमिनीवरूनच विचारलं.

केतकीने ओटीतला नारळ सावरला. "घरात कुणी हिला अक्कल शिकवली, की लगेच."