सुटा आकडा

मोटारींच्या कारखान्याच्या उंच भिंतीवर ‘२०२० पर्यंत आमचा धूर शून्य!’ असं पेंटरकाकांनीच झोकात रंगवलं होतं. पुढे त्यांनीच वीसचे तीस केले, आणि आज चाळीस करायला पुन्हा बोलावणं आलं. एव्हाना काकांच्या गुडघ्यांनी शिडीपुढे हात टेकले होते. म्हणून या खेपेला त्यांनी भिंतीत हुक ठोकला आणि आकड्याची सुटी पाटीच टांगून दिली.

“घ्या मॅडम, पुढच्या वेळी कुणीही खालून काठीने बदलेल!” कारखान्याच्या पर्यावरण अधिकारी मॅडमना त्यांनी मुद्दामच टोमणा हाणला. मॅडमचा चेहरा पडेल असं काकांना वाटलं, पण तो उलट खुलला.



“वा काका! मग पन्नासची पाटीही आजच करून ठेवा ना.”