कुंदाचा भुंगेरा

म्युझियमच्या टेबलावर सरांनी आपला दगड ठेवला, शेजारी कुंदाने तिचा. भांडून तिने त्यांची लॅब सोडल्यापासून दोघं एकाच खाणीत वेगवेगळे खणत होते. दोन्ही दगडांवर लाखो वर्षांपूर्वीच्या भुंगेऱ्याच्या नुसत्या पंखकवचांचे ठसे उरले होते. तेवढ्यावरून दोघांनी दोन नव्या जाती जाहीर केल्या होत्या.

“माझ्या भुंगेऱ्याच्या पाठीवर खोल रेघा आहेत, हिच्या उंचवटे,” सर म्हणाले. आपल्या जातीला त्यांनी मुद्दाम कुंदाचं नाव दिलं होतं. “वरून चकाकी, आत काही नाही. दुसरं कुणाचं शोभलं असतं?”

क्युरेटरबाईंनी दोन्ही दगड समोरासमोर धरून पुस्तकासारखे मिटले. रेघांत उंचवटे अलगद बसले. फुटून दोन झालेला दगड एकच होता, किडाही एकच.

“मग आधी छापलेलं नाव टिकणार,” सर हसले. “माझा लेख तीन आठवडे आधीचा. तू दिलेलं नाव रद्द.”

“चालेल, सर. तुमचा टोमणा आपल्या दोघांबरोबर मातीत जाईल. दगडावर कुंदा राहील.”

सरांचं हसू ओसरलं. लेबल लिहीत बसलेल्या बाईंना त्यांनी हळूच विचारलं, “नाव बदलता येतं का हो?”

“छापलेलं नाही येत, सर.”