मडगार्डवरची थाप

मडगार्डवर एक थाप पडली की चावी फिरवायची, दोन पडल्या की थांबायचं. तिचे पाय ब्रेकपर्यंत पोचत नव्हते तेव्हापासून बापलेकीत हाच कायदा.

एक थाप. तिने चावी फिरवली. इंजिन गर्रगर्र फिरत राहिलं, पण पकडलं नाही. दोन थापा.

"सेल्फ मारतोय, बॅटरी ठणठणीत," उघड्या बॉनेटमागून बाबांचा आवाज आला. "मग हिला धाड काय भरलीय?"

"जाऊ दे ना बाबा. म्हातारी झाली गाडी."

"म्हातारं झालं म्हणजे मेलं नाही. कुठेतरी काहीतरी अडलंय."

जे अडलं होतं ते तिच्या कुर्त्याच्या खिशात होतं. काडेपेटीहून लहान, काळी, चौकोनी डबी. टाकीतल्या मोटरचा रिले. तो नसला की मोटर फिरत नाही आणि पेट्रोल इंजिनापर्यंत येत नाही. सकाळी बाबा आंघोळीला गेल्यावर तिने तो उपटून घेतला होता. समजावून झालं होतं, भांडून झालं होतं, रडूनही झालं होतं. गॅरेजच्या दाराशी तिच्या लेकीची, भिंगरीची, पिवळी तीनचाकी पडलेली होती, पुढचं चाक पापडासारखं मुडपलेलं. परवा गाडी मागे घेताना बाबांना ती दिसलीच नाही. भिंगरी नुकतीच तिच्यावरून उतरून मांजरामागे पळाली होती, म्हणून वाचली.

"वाटेत सायकल ठेवली कोणी?" एवढंच बाबा म्हणाले होते. आणि काल जेवताना नातीला शब्द देऊन मोकळे: सोमवारपासून शाळेत मी सोडणार, गाडीने. फाटकाशी हॉर्न तू वाजवायचास.

तिला वाटलं होतं, अर्धा तास खटपट करतील, कंटाळतील, गाडीवर कापड टाकतील. पण दुपार व्हायला आली तरी बाबा कोपरापर्यंत काळे होऊन बॉनेटमध्येच. आत कपडे भिजत पडलेले, डाळीचा कुकर लावायचा राहिलेला.

"करंट बघू."

त्यांनी वायरीला जुना प्लग लावून इंजिनाला टेकवला. थाप. बॉनेटखालच्या फटीतून तिला दिसलं: बाबा प्लगकडे बघतच नव्हते. डोळे मिटून त्यांनी कान पुढे केला होता. टिक, टिक, टिक.

"करंट आहे." मग इंजिनातला एक प्लग काढून त्यांनी नाकाशी धरला. "वास नाही. कोरडा ठाक. पेट्रोलच येत नाहीये."

ते गाडीला हात लावत लावत मागे आले आणि मागच्या सीटवर, जिच्याखाली टाकी होती, कान टेकवून ओणवे झाले. "नुसती चावी ऑनवर ठेव. श्वाससुद्धा घेऊ नकोस."

तिने खरंच घेतला नाही. मागून मोटरचा काहीच आवाज आला नाही.

"आजोबा, झाली का गाडी?" घरातून भिंगरी ओरडली.

"होतेय गं राणी!"

"पुरे ना आता, बाबा!" ती एकदम तडकली. "सकाळपासून सगळी कामं पडलीत माझी. ऐकायचंच नाही म्हणजे नाही कुणाचं!"

"तू का चिडतेस? गाडी माझी अडलीय."

ते पुन्हा पुढे गेले. फ्यूजच्या पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज तिने ओळखला. हार्मोनियमवाल्याची बोटं पट्ट्यांवरून जावीत तशी बाबांची बोटं एकेका डबीवरून सरकत गेली आणि एका रिकाम्या खाचेत थांबली. बराच वेळ तिथेच राहिली.

तिने खिसा दाबून धरला.

बाबांनी मान वर केली नाही. शेजारची एक डबी त्यांनी उपटली आणि रिकाम्या खाचेत बसवली. तेव्हा तिला आठवलं. रिले कुठे असतो हे दाखवताना, याच गाडीवर, याच जागी उभं राहून ते म्हणाले होते, "वाटेत हा गेला तर हॉर्नचा काढून इथे लावायचा. दोन्ही सारखेच." अर्धाच धडा तिच्या लक्षात राहिला होता.

एक थाप.

तिचा हात हलेना.

पुन्हा एक थाप. तिने चावी फिरवली. पहिल्या झटक्यात इंजिनाने पकडलं आणि मांजरासारखं गुरगुरत बसलं.

बाबा खिडकीशी आले. "हॉर्न वाजव."

तिने दाबला. आवाज नाही.

"बघ. ज्याला दिसत नाही, त्याच्याकडे हॉर्न तरी नको का?"

शेजारच्या कुणाबद्दल सांगावं तसं म्हणाले. मग थरथरणाऱ्या मडगार्डवर तळवा ठेवून उभे राहिले. ती काही बोलणार, तोच दोन थापा पडल्या. तिने चावीला हात लावला नाही. बाबांनी पुन्हा दोन थापा मारल्या, पहिल्यापेक्षा हळू.

तिने गाडी बंद केली.

बसवलेली डबी त्यांनी काढली आणि तिच्या हातावर ठेवली. "काढायचे तर दोन्ही काढायचे. अर्धवट काम मी नव्हतं शिकवलं तुला."

भिंगरी धावत आली. "चालू झाली! मी ऐकली!"

"झाली की. पण शाळेत आपण चालत जायचं."

"चालत?" तिचा चेहरा पडला. "मग हॉर्न?"

"हॉर्न तूच. माझा हात धरायचा, पुढे चालायचं, आणि मध्ये काही आलं की वाजवायचा. जमेल?"

भिंगरीने त्यांचं काळं बोट मुठीत धरलं आणि दाराकडे ओढलं. मुडपलेल्या सायकलीपाशी पोचताच ती जोरात ओरडली, "पीं पीं!"

आजोबा थांबले. मग तिच्या मागोमाग वळसा घालून बाहेर गेले.