ज्वारीचा दाणा

“यादीत अजून कोण राहिलं?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“एक हाय. तिचं ऱ्हाऊ द्या,” केसरबाई म्हणाली. ती दूध सोसायटीची चेअरमन. साखर कारखान्यानं भरवलेल्या डोळ्यांच्या शिबिरात गावची यादी तिच्या हातात. चुलतजाऊ वत्सलाचं नाव तिनं मुद्दाम तळाला घातलं होतं. पण वत्सला चाचपडत आली आणि स्टुलावर बसलीसुद्धा.

केसरबाईचा तिच्याशी दावा पंचवीस वर्षं जुना होता. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या मजुरांना घेऊन ट्रक गेवराईला निघालेला. तापानं फणफणलेलं पोर कडेवर घेऊन केसरबाई कोरड्या नदीतून पळत होती. ट्रक सुटला. मागच्या फळीला टेकून वत्सला बसलेली, तोंड सरळ इकडं. केसरबाईनं पदर हलवला. इंजिनाच्या आवाजात घसा फोडला. वत्सला बघत राहिली, मग तिनं तोंड फिरवलं.

पोर गेवराईच्या दवाखान्यापर्यंत पोचलंच नाही.

केसरबाईनं कधी जाब विचारला नाही. जाब विचारायचा तो रडक्यांनी. तिनं वत्सलाच्या लेकीची, साखराची, तीन स्थळं मोडली. पाहुण्यांना घरी बोलवायचं, चहा पाजायचा अन् हळूच म्हणायचं, “पोरगी गुणाची. पर माय दगडाची हाय.” शेवटी साखरा दोन लेकरांच्या बिजवराला द्यावी लागली. त्या मांडवात केसरबाई पोटभर जेवली.

डॉक्टरीणबाईंनी मोतीबिंदूच्या भिंगासाठी वत्सलाचा डोळा यंत्रानं मोजला. पुन्हा मोजला.

“डोळा असतो लिंबासारखा गोल. यांचा त्याहून मागं लांबलाय, ज्वारीच्या एका दाण्याइतका जास्त. लहानपणापासूनच असणार. लांबचं चित्र पडद्यापर्यंत धड पोचतच नाही. चार हातांपलीकडचं माणूस यांना कधी ओळखू आलं नसेल.”

“काहीबी सांगू नका. ही एका दमात सुईत दोरा ओवती.”

“जवळचं दिसतं ना. नाकाशी धरून ओवत असतील.”

नाकाशीच धरायची. अख्खी आळी हसायची.

केसरबाई स्टुलाला खेटून उभी राहिली. “वत्सला, बहात्तर साली ट्रकमागं मी पळत व्हते. पोराला घेऊन. तुला दिसले न्हाई?”

“धुरळा दिसला व्हता, अक्का. त्यात तुमी व्हता?”

खाल्लेलं ओकावं तसं केसरबाईनं सगळं सांगून टाकलं. तिन्ही स्थळं, तिन्ही चहा. वत्सलानं ऐकून घेतलं. केसरबाईला वाटलं, फिटलं.

ऑपरेशन होऊन दोन दिवसांनी पट्टी निघाली. नर्स हसत म्हणाली, “तुमच्या जाऊबाई हंगाम संपलेल्या कारखान्याच्या चिमणीवरचे कावळे मोजतायत.”

केसरबाई चहाचा थर्मास घेऊन धावली. पेशंटांना गावी सोडणारा ट्रक सुटत होता. मागच्या फळीला टेकून वत्सला बसलेली, तोंड सरळ इकडं. केसरबाईनं पदर हलवला. वत्सलानं तिला डोक्यापासून पायापर्यंत नीट न्याहाळलं, मग तोंड फिरवलं.

पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच.