पोरीच्या डोक्यावरची शपथ

जरा जवळ या, टेका. रागाची गोष्ट आहे, पण शेवटपर्यंत ऐकलीत तर हात आपोआप जोडले जातील.

मुख्य पंच ग्रान्चाच्या अंगणात पंच बसले होते आणि झाम्बिला त्यांच्यापुढं रागानं उभी होती. भटक्या जमातीतल्या तांबटांच्या वस्तीतले सगळे मानाचे म्हातारे जमले होते. मध्ये स्टुलावर मरियामातेची तसबीर, तिच्यापुढं पेटती मेणबत्ती. बायका लांब, कुंपणाशी.

झाम्बिलाच्या भावानं, लिसांद्रूनं, सिबियू शहरातला वकील ठरवला होता. झाम्बिलानंच तो बेत हाणून पाडला. "परक्यांच्या कोर्टात कशाला जायचं? तिथला जज आपल्या जमातीचा हा घागरा बघेल, माझं म्हणणं ऐकणार नाही. आपली माणसं आपला न्याय करतील." काडीमोड तर नवराबायको दोघांनाही हवा होता. भांडण एकाच गोष्टीचं होतं. त्यांची लेक क्रीना कुणाकडं राहणार? पोर अजून शाळेतसुद्धा जात नव्हती.

"ह्यानं मला आणि पोरीला बर्फात बाहेर काढलं," झाम्बिला म्हणाली. "आतून कडी लावली. पोरीच्या पायात मोजेसुद्धा नव्हते."

"काहीतरीच!" तिचा नवरा दान्चू हसला. "हीच पळाली पोरीला घेऊन. आता नाटकं करतेय."

त्या वेळी घरात तिसरं मोठं माणूस एकच होतं, दान्चूची आई राफिरा. पण पंचांपुढं बाईनं बोलावल्याशिवाय बोलायचं नसतं, आणि मुलाविरुद्ध आईला कुणी बोलावत नाही. ती कुंपणाशी मान खाली घालून उभी होती. तिला पाहून झाम्बिलाचं डोकं आणखी तडकलं. कडी वाजली तेव्हा ही थेरडी चुलीपाशीच तर होती!

"मग शपथ घ्या," ग्रान्चा म्हणाला. "रीतीप्रमाणं. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून."

आता ह्याची जीभ अडखळणार, झाम्बिलाला वाटलं. दान्चूनं क्रीनाला पुढं ओढलं आणि तिच्या केसांवर पंजा ठेवला.

"मी खोटं बोलत असेन तर ही मरो."

एका दमात म्हणाला. कुणाकडं तंबाखू मागावी तसं. पोर भोकाड पसरून रडायला लागली.

"आता तू," ग्रान्चा म्हणाला.

झाम्बिला खरं बोलत होती. तिला भ्यायचं काही कारण नव्हतं. पण तिचा हात उचलेना.

"अगं, बोल ना!" लिसांद्रू ओरडला. "खरी आहेस ना तू?"

"खरी आहे म्हणून पोटच्या पोरीचं मरण तोंडातून काढू? आणि काय हो पंच, दाढ्या पिकल्या तुमच्या, तरी न्याय करायला लेकराचं डोकं लागतं होय तुम्हाला?"

"शपथ नाही तर पोरही नाही," ग्रान्चानं डोक्यावरची टोपी सारखी केली.

तेवढ्यात राफिरा कुंपण सोडून सरळ पंचांच्या मधोमध आली.

"ए म्हातारे, तुला कुणी बोलावलं?" एक पंच खेकसला.

तिनं तिकडं लक्षच दिलं नाही. क्रीनाच्या केसांवरचा मुलाचा हात तिनं उचलला आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "शपथेतनं पोरीचं नाव सोड. तसं तोंडानं म्हण. मग माझी शपथ घे."

दान्चूनं एकदा पंचांकडं पाहिलं. "बरं. पोरीचं नाव सोडलं. मी खोटं बोलत असेन तर माझी आई मरो."

अगदी त्याच आवाजात. म्हातारीनं नुसती मान डोलावली.

"शपथ पुरी झाली," ग्रान्चा म्हणाला. "पोर बापाची. रविवारी पोचती करा."

"पोचती करा म्हणे!" झाम्बिलानं क्रीनाला कडेवर उचललं. "लिसांद्रू, लाव त्या वकिलाला फोन. आत्ता, ह्यांच्या तोंडावर लाव!"

ती तडक फाटकाबाहेर पडली. मागून कुणीतरी धापा टाकत येत होतं. राफिरा.

"तुझ्या त्या कोर्टात बाईला बोलू देतात का गं?"

"देतात. पण आज बरा पाझर फुटला, आत्याबाई! कडी लागली तेव्हा कुठं होता?"

"चुलीपाशी. गप्प बसले होते. कोर्टात तेच सांगेन."

झाम्बिलाचा राग काही उतरला नव्हता. "आणि मघाशी काय वाटलं होतं? आईच्या डोक्यावर हात ठेवून लेक खरं बोलेल?"

"मीच जन्माला घातलाय त्याला. खोटंच बोलणार, हे मला ठाऊक होतं." राफिरानं पदरानं क्रीनाचं नाक पुसलं. "खोटी शपथ कुणावर तरी पडतेच, बाई. ती पोरीवरून काढून माझ्यावर घ्यायची होती."

उद्या देवापुढं वात लावाल, तेव्हा राफिराचंही नाव एकदा घ्या.