हिरवी पट्टी

उपासना संपली आणि कोडोलीजवळच्या चर्चमध्ये सभा बसली. पंच म्हणून पहिल्यांदाच एका बाईचं नाव पुढं आलं होतं, तेही थोरले पंच याकोबराव यांच्याच सुनेचं. याकोबराव ताडकन उठले. एका डोळ्यावर ऑपरेशनची हिरवी पट्टी, दुसरा आधीपासूनच अधू. "शास्त्रात बसत न्हाय हे. करिंथकरांचं पत्र काढ, वाच!" महिनाभर घरी सूनच त्यांना वाचून दाखवायची, सवयीनं त्यांनी बायबल तिच्याच हातात दिलं. कुणीतरी खाकरलं. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. बायकांनी मंडळीत गप्प राहावं, हे वचन शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं वाचलं. "ऐकलं न्हवं सगळ्यांनी? पुढचं वाच." ती गप्प. "वाच की गं!" "मामंजी," ओळीवरचं बोट न हलवता ती म्हणाली, "वाचू का गप्प बसू? एकदाच काय ते ठरवा."