गंजक्या बोटीचा सौदा

"बोट मिळाल्याशिवाय मी उठणार नाही," साहेब म्हणाले आणि खुर्चीत आणखी मागे रेलले.

समोरच्या देशाचा अधिकारी नुसता हसला. साहेबांची सेक्रेटरी मात्र मनातल्या मनात जळफळत होती. वाट चुकून परक्या हद्दीत शिरलेल्या बोटीवरचे खलाशी सोडायला ही मंडळी तयार होती. अडकला होता तो मेकॅनिक. त्यानंच बोट मुद्दाम आत घातली म्हणे, म्हणून त्याला तुरुंगात ठेवणार होते. आणि आमच्या राजदूतसाहेबांना पडली होती गंजक्या बोटीची.

आधी कापडाचे व्यापारी होते ना. जित्याची खोड, दुसरं काय.

चहाच्या वेळी तिनं धीर करून विचारलं, "साहेब, मेकॅनिकचं काय? त्याची बायको रोज ऑफिसात फोन करते. दिवस गेलेत हो तिला."

"काय म्हणते?"

"रडत नाही, भांडत नाही. साहेब वेळेवर जेवतात ना, एवढं विचारते. भलतीच गोड पोरगी आहे."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. "आधी बोटीचं बघू," म्हणाले.

तिला या माणसाचा खरंच राग आला.

मग दुपारभर बोट, बोट आणि बोट. इंजिन नवंकोरं आहे, पत्रा भारी आहे, मालक माझं डोकं खाईल. अधिकारी अगदी मेटाकुटीला आला. बोट त्यांनी केव्हाच मोडीत काढली होती आणि ते कबूल करायची चोरी.

"हे बघा," तो शेवटी म्हणाला, "बोटीचं विसरा. हवं तर तो मेकॅनिकही घेऊन जा."

साहेबांनी तोंड वाकडं केलं. "आता तुम्ही एवढं म्हणताय तर..."

सेक्रेटरीनं घाईघाईनं मान खाली घातली. तिला हसू आवरेना.

संध्याकाळी खलाशी एकेक करून तुरुंगाच्या फाटकाबाहेर आले. साहेबांनी सगळ्यांशी हात मिळवले. मेकॅनिक शेवटी आला, दाढी वाढलेला, पार वाळलेला. त्याला साहेबांनी आपल्या गाडीत बसवलं, पण त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

गाडी वळणापलीकडे गेली तसा साहेबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. त्यांनी त्याला घट्ट पोटाशी धरलं.

"जावईबापू," ते म्हणाले, "आधी माझ्या लेकीला फोन लावा."